नवऱ्याचा रेडिओ, माझे हात

समोरच्या घरातल्या आजी वारल्या आणि थोड्याच दिवसांत त्यांच्या मुलाने घर रिकामं करायला माणसं लावली. सोफा, गाद्या, कार्पेटच्या गुंडाळ्या असं सगळं पुढच्या बागेत येऊन पडलं. त्यात कमरेएवढ्या उंचीचं एक लाकडी कपाट होतं. कॉव्हेंट्रीतल्या आमच्या रस्त्यावर असं सामान बाहेर येणं नवीन नव्हतं. जुनी इंग्रज माणसं एकेक करून जात होती. मी पडदा सोडून आत वळले, पण माझा नवरा खिडकीपाशीच थांबला.

"ते कपाट नाहीये," तो म्हणाला. "रेडिओ आहे. जमिनीवर उभा ठेवायचा."

घरातल्या चपला घालूनच तो रस्ता ओलांडून गेला, त्या मुलाशी काहीतरी बोलला आणि मला हातवारे करून बोलवायला लागला. दोघांनी दोन टोकं धरून आम्ही तो रेडिओ आणला. आमच्या उंबऱ्यावर त्याच्या बाजूचं टोक निसटलं आणि खालच्या कोपऱ्यावरचा अक्रोडाच्या लाकडाचा पापुद्रा उडाला. "वय झालं," असं म्हणून तो हसला. मीही हसले. निसटला होता तो त्याचा उजवा हात, हे आम्हाला पुष्कळ महिन्यांनी आठवलं.

तो गाड्यांच्या एका कंपनीसाठी सॉफ्टवेअर लिहायचा. नागपूरला इलेक्ट्रॉनिक्स शिकला होता, पण कॉलेज सुटल्यापासून सोल्डरिंगला, वितळलेल्या धातूने तारा जोडायच्या कामाला, हात लावला नव्हता. आता शनिवार-रविवार तो गॅरेजमध्ये जायला लागला. रेडिओचं मागचं पुठ्ठ्याचं झाकण काढलं तर आत उंदराचं घरटं निघालं. वायरींवरचं रबर बोट लावलं की बिस्किटासारखं तुटायचं. वीज साठवणारे जुने कपॅसिटर मेणकागदाच्या नळीत भरलेले होते, ते सगळे गळके निघाले.

"कोडमध्ये काही बिघडलं तर दिसत नाही," तो मला म्हणाला. "इथे बघ. जळलेलं जळलेलंच दिसतं."

जुना कपॅसिटर फेकायचा नाही, असा त्याचा हट्ट होता. नळी गरम करून आतला गाभा ओढून काढायचा, तिच्यात नवीन, बोटाच्या पेराएवढा कपॅसिटर बसवायचा आणि दोन्ही तोंडं पुन्हा मेणाने बंद करायची. बाहेरून सगळं पूर्वीसारखं दिसलं पाहिजे. पहिले तीन-चार त्याने स्वतः केले. मग एका रविवारी तो आत आला आणि वायर सोलायची पक्कड माझ्यापुढे ठेवली.

"जरा दाबून बघ. घट्ट आहे का गं ही?"

मी दाबली. मुळीच घट्ट नव्हती.

त्याने हात पुढे केला. अंगठा आणि पहिलं बोट यांच्यामध्ये जो मांसल उंचवटा असतो, तिथे खड्डा पडला होता. कातडीखाली काहीतरी बारीक फडफडत होतं, पापणी लवते तसं. आम्ही दोघं ते बघत राहिलो. मनगटात नस दबली असेल, दिवसभर कीबोर्ड वापरतोस, असं मी म्हणाले. जीपी, म्हणजे आमचे नेहमीचे डॉक्टर, तेही आधी तेच म्हणाले. मग तपासण्या, मग वाट बघणं, पुन्हा तपासण्या, आणि शेवटी एका खोलीत आम्ही दोघं, डॉक्टर आणि कोपऱ्यात बसलेली एक नर्स. नर्सने टिश्यूचा डबा आधीच माझ्या बाजूला सरकवून ठेवलेला होता. तो डबा बघूनच मला कळलं.

"तुम्हाला कितपत ऐकायचं आहे?" डॉक्टरांनी विचारलं.

"सगळं," तो म्हणाला.

मोटर न्यूरॉन डिसीज. हात जातील, पाय जातील, बोलणं जाईल, गिळणं जाईल, शेवटी श्वास. डोकं शाबूत राहील. त्यावर औषध नाही. कार पार्कमध्ये त्याने किल्ली माझ्या हातात दिली.  मी चहा ठेवला तोवर तो गॅरेजमध्ये जाऊन बसला होता. मी कप घेऊन गेले तेव्हा त्याने वर न बघता विचारलं, "सोल्डरिंग शिकशील का?"

मी कॉलेजात अर्थशास्त्र शिकलेली बाई. कौन्सिलच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, हाउसिंग विभागात नोकरी. वीज म्हटलं की मी चार पावलं मागे सरणारी. पण त्या दिवशी नाही कसं म्हणायचं? त्याने पहिला नियम सांगितला तो असा, की सेट चालू असताना आत हात घालायचा तर दुसरा हात खिशात ठेवायचा, म्हणजे करंट एका हातातून छातीतून दुसऱ्या हाताकडे जात नाही. मी कार्डिगनच्या खिशात डावा हात खुपसून उभी राहायचे. त्याचे दोन्ही हात मांडीवर असायचे.

मी वाईट शिकले. टाका गोळ्यासारखा बसायचा, हलवला की सुटायचा.

"तू सोल्डर तापवतेयस. जॉइंट तापव. सोल्डर आपोआप वितळेल."

"तेच करतेय."

"नाही करत. मला दिसतंय. वायर तशीच गार आहे."

"मग तूच कर!"

माझ्या तोंडून गेलं. तो माझ्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "पुन्हा लाव. या वेळी मनात पाच म्हणेपर्यंत थांब." मी पुन्हा लावलं. जॉइंट चकचकीत आला. त्याने शाबासकी दिली नाही, पुढची वायर दाखवली. त्याच्या बोलण्यातला कडकपणा वाढत गेला, तसतसे माझे टाकेही सुधारत गेले. दुसऱ्याच्या हातांनी काम करून घेण्यात तो कधी रुळला नाही. मी त्याला चमच्याने भरवताना काही बोलायचा नाही. गॅरेजमध्ये मात्र एकही चूक सोडायचा नाही.

सगळे कपॅसिटर झाले, वायरी झाल्या. अडलं एका वॉल्व्हपाशी, रेडिओतल्या बल्बसारख्या काचेच्या नळीपाशी. हवेतलं स्टेशन पकडतो तो पहिलाच वॉल्व्ह मेलेला होता, आणि तो अशा जातीचा की त्याला खाली पिना नसतात, बुडाच्या कडेला धातूच्या पट्ट्या असतात. ही जात दुसऱ्या महायुद्धाच्या आधीच्या काही वर्षांपुरती निघाली आणि संपली. दुसऱ्या कुठल्या वॉल्व्हने काम भागत नाही. जुन्या रेडिओवाल्यांच्या फोरमवर मी त्याच्या वतीने विचारलं. एकाने पोस्टाने पाठवला. मी खोक्यातून काढून त्याच्यापुढे धरला तर त्याने बघताक्षणी मान हलवली. वॉल्व्हच्या काचेला आतून चंदेरी झाक असते. ती दुधासारखी पांढरी झाली, की आत हवा शिरली असं समजायचं. या वॉल्व्हची झाक पांढरी होती. वाटेत काचेला केसाएवढी चीर गेली होती. अजून एक मिळाला, त्याचं आतलं तापणारं तारेचं वेटोळं तुटलेलं होतं. तोवर तो व्हीलचेअरमध्ये आला होता, आणि त्याचं बोलणं जिभेवर जड व्हायला लागलं होतं.

नागपूरला त्याच्या आईला आम्ही काही सांगितलं नव्हतं. सांगायचं नाही, असं त्यानेच ठरवलं होतं. रविवारी व्हिडिओ कॉल लावायचा, कॅमेऱ्यात फक्त चेहरा येईल असा फोन ठेवायचा. आईंचे डोळे अधू, त्यामुळे ते निभलं. मग आवाज बदलला.

"दात काढलास का रे?" आईंनी विचारलं.

"हो," तो म्हणाला. "दाढ."

पुढच्या रविवारी पुन्हा "दाढ", त्याच्या पुढच्या रविवारी पुन्हा. शेवटी त्या म्हणाल्या, "डॉक्टर बदल. एवढे दिवस सूज राहते का?"

आमची मुलगी केंब्रिजला रिसर्च करते. आवाज पूर्ण जायच्या आत तो साठवून ठेवता येतो, हे तिनेच शोधून काढलं. माणसाने ठरावीक वाक्यं वाचायची, त्यावरून संगणक त्याचा आवाज तयार करतो, आणि पुढे डोळ्यांनी अक्षरं निवडली की तो आवाज बोलतो. पण वाक्यं इंग्रजी, आणि तयार होणारा आवाजही फक्त इंग्रजी बोलणारा. मराठीची सोयच नव्हती.

"म्हणजे हा माझ्याशी इंग्रजीत बोलणार?" मी विचारलं.

"आई, तेवढंच available आहे," ती म्हणाली. ती इथेच जन्मली. मराठी बोलते, पण घाईत शब्दांची लिंगं चुकवते. "मराठी वाक्य आपण स्वतः रेकॉर्ड करू. बाबाची आवाज अजून clear आहे."

आवाज क्लिअर नव्हता, पण समजत होता. गॅरेजमधल्या बाकावर तिने माइक ठेवला. काय काय बोलून ठेवायचं याचा त्याने विचार केलेला होता. पाणी. मान सरळ कर. खाज सुटलीय, उजवीकडे. दिवा बंद कर. जॉइंट तापव. मग तो थोडा वेळ थांबला, श्वास घेतला, आणि वेगळ्याच, मोकळ्या सुरात म्हणाला, "आई, जेवलीस का?" मुलीने माझ्याकडे बघितलं. "गुडघा कसा आहे? इथे थंडी आहे फार. ऑफिसचं चाललंय नेहमीचं. बरं, ठेवतो आता." एवढं बोलून तो दमला. मुलगी फाइलींना नावं देत होती. 

तिसरा वॉल्व्ह शोधायला आम्ही केंब्रिजच्याही पुढे, सपाट शेतांच्या मुलखात गेलो. फोरमवर एका बाईंचा निरोप आला होता. त्यांचे यजमान रेडिओ दुरुस्त करायचे, ते गेले. गॅरेज भरलेलं आहे, हवं तर येऊन बघा, सोमवारी सगळं टिपवर, कचऱ्याच्या डेपोत जाणार. गॅरेजच्या दारातच खोक्यांच्या रांगा होत्या, व्हीलचेअर आत जाणं शक्य नव्हतं. मग त्याला मी गाडीतच बसवलं, फोन त्याच्यासमोर डॅशबोर्डवर लावला, आणि दुसरा फोन हातात धरून व्हिडिओ चालू ठेवून आत शिरले.

खोकी ओल लागून मऊ झाली होती. वॉल्व्हच्या डब्यांवरची अक्षरं पुसट झालेली. मी एकेक डबा उघडून कॅमेऱ्यापुढे धरत होते.

"नाही," फोनमधून यायचं. "नाही. नाही. पुढे."

घरमालकीण बाई दारात उभ्या राहून बघत होत्या. मधेच म्हणाल्या, "मी त्याला विचारायचे, एवढं कोणासाठी ठेवतोस? तो म्हणायचा, कोणाला तरी लागेल. आजपर्यंत कोणी आलं नाही. तुम्हीच आलात."

"थांब," फोन म्हणाला. "मागे. शेजारचा. बूड दाखव."

मी उलटा धरला. कडेला पट्ट्या होत्या.

"काच. चंदेरी आहे?"

"आहे."

"पांढरी नाही?"

"नाही रे. चंदेरी. आरशासारखी."

तिकडून हसण्याचा आवाज आला. हसू थांबेना. मोठं, उचकीसारखं, वर चढत जाणारं. बाई खूश झाल्या. "त्यांना आनंद झालेला दिसतोय," त्या म्हणाल्या. मला माहीत होतं की या आजारात हसणं आणि रडणं माणसाच्या हातात राहत नाही, एकदा सुरू झालं की शरीर आपलं आपण चालू राहतं. मी डबा छातीशी धरून धावत गाडीकडे गेले. त्याचा चेहरा ओला झाला होता, लाळ गळ्यापर्यंत आली होती आणि तो हसतच होता. मी त्याची मान धरून ठेवली. बाई मागून चहाचे कप घेऊन आल्या, खिडकीतून आत बघितलं, आणि कप कुंपणाच्या बुटक्या भिंतीवर ठेवून परत गेल्या.

घरी आल्यावर वॉल्व्ह बसवायला वेळच मिळाला नाही. छातीत कफ झाला, हॉस्पिटल झालं, पोटात नळी बसली, नाकावर श्वासाचं मशीन आलं. पुढच्या खोलीतला सोफा काढून तिथे पलंग आला, त्याच्या शेजारी त्याला उचलायची यारी. जागा उरली नाही तरी त्याने डोळ्यांनी अक्षरं निवडून संगणकाला बोलायला लावलं, "Bring the radio here." त्याच्याच आवाजासारखा, पण त्याचा नसलेला आवाज. मुलीने आणि मी रेडिओ पलंगाच्या पायथ्याशी आणून ठेवला.

डिसेंबरातल्या एका दुपारी मी तो पहिल्यांदा चालू केला. सरळ प्लगमध्ये लावायचा नाही, मध्ये एक साधा जुना बल्ब जोडायचा. आत कुठे शॉर्ट असेल तर बल्ब भगभगून पेटतो आणि सेट वाचतो. बटण फिरवलं. बल्ब क्षणभर उजळला, मग मंद झाला. त्याने डोळे मिटून उघडले. म्हणजे ठीक आहे. वॉल्व्हमध्ये लाल ठिणगी दिसायला लागली. तापलेल्या धुळीचा आणि मेणाचा वास आला, आणि स्पीकरमधून खोल, जाड घुमणं सुरू झालं.

मी काटा फिरवला. डायलच्या काचेवर युरोपातल्या गावांची नावं होती. एकाही नावावर काही लागलं नाही. मिडियम वेव्हवरची बरीचशी स्टेशनं बंद झालीत हे आम्हाला माहीत होतं, पण एवढा शुकशुकाट असेल असं वाटलं नव्हतं. सगळीकडे खरखर. घरातले एलईडी दिवे, ब्रॉडबँडचा राउटर, सगळ्यांची मिळून. मी दिवे घालवले, राउटर बंद केला. श्वासाचं मशीन तेवढं बंद करता येत नव्हतं.

चार वाजता बाहेर अंधारायला लागलं, तशी दूरची स्टेशनं हलकेच वर यायला लागली. एक पुरुष स्पॅनिशमध्ये भराभरा काहीतरी सांगत होता, बहुतेक फुटबॉल. आवाज लाटेसारखा जवळ यायचा, दूर जायचा. मी पलंगाच्या कडेवर बसले. आम्हा दोघांनाही त्यातला एक शब्द कळत नव्हता. तो काट्यावरून नजर हलवत नव्हता. पुष्कळ वेळाने त्याचे डोळे संगणकाकडे वळले, अक्षरांवरून फिरले.

"Hum," संगणक म्हणाला. "Too much hum. Change the big capacitor."

"तोही बदललाय रे," मी म्हणाले.

"Then it is your joint."

मी हसले, आणि मग मला हसता येईना.

घुमणं शेवटपर्यंत गेलं नाही. मी दोनदा सगळे जॉइंट पुन्हा केले. रोज दुपार कलली की तो रेडिओ लावायला सांगायचा आणि दिवे घालवायला लावायचा. रविवारी आता आमचा कॅमेरा बंद ठेवायचो, कॉल लागला की मुलगी बटण दाबायची, "आई, जेवलीस का?" आणि तिकडून आई काय खाल्लं ते सांगत बसायच्या. "गुडघा कसा आहे?" तर गुडघ्याचं. त्याचे डोळे उघडे असायचे. हे चूक की बरोबर, यावर आम्ही तिघांनी कधी बोलणं काढलं नाही.

मार्चमध्ये तो गेला, सकाळी. नर्स वेळेत आली होती, औषध दिलेलं होतं, त्रास झाला नाही असं ती म्हणाली. मला तसं वाटलं नाही, पण मी तिच्याशी वाद घातला नाही. अंत्यसंस्काराला आमच्या इथल्या मराठी मंडळातली माणसं आली, त्याच्या ऑफिसची माणसं आली. पलंग, यारी, डोळ्यांचा संगणक न्यायला व्हॅन आली. मुलीने फाइली आधीच काढून घेतल्या होत्या.

त्याच आठवड्यात माझ्या दिराचा नागपूरहून फोन आला; आईंपासून लपवलेलं सगळं त्याला माहीत होतं. तो बराच वेळ इकडचं तिकडचं बोलला.

"वहिनी, एक विचारू? ती रेकॉर्डिंगं आहेत ना अजून? आईचं वय बघता... रविवारी पाच मिनिटं लावलीत तर काय बिघडतं? तिला धक्का सोसायचा नाही."

मी काही म्हणायच्या आत शेजारी बसलेली मुलगी म्हणाली, "नाही काका. आजीला आता खोटी नाही सांगायची."

रविवारी आईंच्या शेजारी दीर बसला होता, मान खाली घालून. मी सांगितलं. आजाराचं नाव सांगितलं, केव्हापासून ते सांगितलं, दाढेचं खोटं होतं हे सांगितलं. आवाज रेकॉर्ड केलेला होता हेही सांगितलं. त्या ओरडल्या नाहीत. पदराचं टोक हातात धरून त्याची घडी घालत, उलगडत राहिल्या. मग विचारलं, "शेवटी काय खाल्लं गं त्याने?"

"तोंडाने काही खाता येत नव्हतं, आई. पोटात नळी होती. त्यातून देत होतो."

त्यांचा हात पदरावर थांबला. मला वाटलं, फोन अडकला.

"गरम करून द्यायचीस का?"

"हो. कोमट करून द्यायचे."

"बरं," त्या म्हणाल्या, आणि दिराला फोन ठेवायला सांगितलं. त्यानंतर त्या माझ्याशी जवळजवळ वर्षभर बोलल्या नाहीत. आता बोलतात, थोडं. त्याचा विषय निघत नाही.

रेडिओ अजून पुढच्या खोलीतच आहे. मागच्या हिवाळ्यात मी तो लावला तर वॉल्व्ह पेटले, पण आवाज आला नाही. प्लग काढला, कपॅसिटरमधला साठा उतरवला, मीटर लावला. स्पीकरच्या मागचं तारेचं मोठं वेटोळं आतून तुटलं होतं. या जुन्या स्पीकरना लोहचुंबक नसतो, ते वेटोळंच ते काम करतं. फोरमवर विचारलं तेव्हा कळलं, की अशी वेटोळी नव्याने गुंडाळून देणारे गृहस्थ होते, पण त्यांची नजर गेली आणि त्यांनी काम बंद केलं. दुसऱ्या कोणीतरी लिहिलं, धीर धरा, कोणाचं ना कोणाचं गॅरेज उघडेल तेव्हा मिळेल. तो माणूस चांगल्या मनानेच लिहीत होता. मी स्पीकरचं माप घेतलं आणि त्याला कळवलं.